गावात गॅसचा प्लांट येतोय : ग्रामसभेत कंपनीकडं काय मागावं?

मांजराकाठ

राम राम मंडळी.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. शेतकरी उत्पादक कंपनी चालवतो, सोयाबीन-तूर-हरभरा गोळा करायचा, चाळणी-प्रतवारी करायची आणि लातूरला घालायचा, एवढाच पसारा. मध्यंतरी गावात एक पार्टी आली. सीबीजीचा, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅसचा प्लांट टाकायचाय म्हणे. साखर कारखाना जवळ आहे, तिथलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी-चोथा, मिळणार. आमच्याकडून पाहिजे सोयाबीनचं भुस्कट, शेण आणि पाच वर्षांच्या करारानं नेपियर गवत. शिवाय गायरानालगतची जमीन भाड्यानं. तयार गॅस एक सरकारी तेल कंपनी घेणार.

नंतर त्या तेल कंपनीचे एक साहेबही येऊन गेले. समाजमंदिरात पडदा लावून संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची सतरा ध्येयं दाखवली, रंगीत चौकोन एकेक करून. आमची कंपनी यातल्या कितीतरी ध्येयांना हातभार लावते, असं त्यांचं म्हणणं. मागं बसलेली म्हातारी माणसं चहाची वाट बघत होती. शेवटी साहेब म्हणाले, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या पैशातून, गावाला काय पाहिजे ते सांगा. सरपंचांनी दम न घेता यादी दिली : वेशीला कमान, आरओचं पाणी, शाळेला बेंच. टाळ्या पडल्या.

माझं डोकं तेव्हापासून त्यातच आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते इथून तासाभराच्या अंतरावर. अशा भागात गवत पिकवून त्याचा गॅस करायचा का? आणि तेल-गॅसवाल्यांकडून आपल्यासारख्या मुलखाचं खरंच काही टिकाऊ भलं होऊ शकतं का? होत असेल तर नेमकं कोणत्या वाटेनं? पुढच्या पंधरवड्यात ग्रामसभा आहे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. पक्ष-पुढारी मधी आणू नका, हात जोडतो.

---

नांदेडचा नारद

तेल कंपनी आणि शाश्वत विकास! बोक्याला दुधाची राखण.

ओएनजीसी म्हणते २०३८ पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ कार्बन शून्य, इंडियन ऑइल म्हणते २०४६. बारकाईनं वाचा. हिशेब त्यांच्या स्वतःच्या कामाचा : रिग, रिफायनरी, ऑफिसं, त्यांनी घेतलेली वीज. तुमच्या-माझ्या गाडीत जो पेट्रोल-डिझेलचा धूर होतो तो त्या वहीत धरलेलाच नाही, आणि खरा ढीग तर त्याचाच. दारू विकणाऱ्यानं मी स्वतः पीत नाही असं प्रमाणपत्र दाखवलं तर आपण टाळ्या वाजवू का?

कमान घ्या, बेंच घ्या, नमस्कार करा. प्लांटचं काही खरं नसतं.

---

मोसंबीवाली

दादा, प्लांटचं मला कळत नाही. जमिनीचं कळतं, म्हणून लिहिते. जमीन "भाड्यानं" म्हणतात तेव्हा कागद नीट बघा.

माझं माहेर जालना जिल्ह्यातलं, मोसंबीची बाग. बागेतून पाइपलाइनचा पट्टा गेला. कुणाची लाइन ते सांगत नाही, उगाच वाद नको. पाइपलाइनसाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे. त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. ऐकायला बरं वाटतं. पण त्या पट्ट्यात तुम्हाला घर बांधता येत नाही, विहीर-शेततळं खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, वर उभ्या पिकाची आणि झाडांची नुकसानभरपाई. ज्वारी-सोयाबीनवाल्याचं त्यात भागतं, पुढच्या मृगाला तो पुन्हा पेरतो. मोसंबीवाल्यानं त्या पट्ट्यात आयुष्यभर हरभराच करायचा. १० टक्के दोघांनाही सारखेच.

याहून जास्त जिवाला लागलं ते मातीचं. चर खोदताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायचा, बुजवताना मुरूम आधी आणि काळी माती वर, असं ठेकेदारानं बोलताना कबूल केलं होतं. पाऊस तोंडावर आला, पोकलेनवाल्यानं दोन्ही ढीग एकत्र लोटून दिले. बांध मोडला तो मोडलाच. त्या पट्ट्यात आज पाणी धरत नाही, आणि उन्हाळ्यात सबंध रानात तेवढीच एक पांढरट रेघ दिसते. माझे वडील तिकडं बघायचंच टाळतात.

गॅसच्या लाइनला माझा विरोध नाही. जालन्यातल्या लोखंडाच्या कारखान्यांच्या भट्ट्या कोळसा आणि फर्नेस ऑइल सोडून गॅसवर आल्या तर एमआयडीसीच्या अंगानं राहणाऱ्यांना मोकळा श्वास घेता येईल. समृद्धी महामार्गाच्या कडेनं मुंबई-नागपूर गॅसवाहिनी गेली, ती बहुतेक महामार्गाच्याच जमिनीतून, त्यामुळं शेतं पुन्हा चिरावी लागली नाहीत. असं करता येतं हे त्यातून दिसलं. मग लहान फाट्यांना का नाही? रस्त्याची कड सगळीकडंच असते की.

प्लांटला जमीन द्यायची तर दोन गोष्टी करा. आधी सात-बाराच्या इतर हक्कात काय नोंद होणार ते लेखी घ्या. आणि काम सुरू व्हायच्या आधी वरच्या मातीचे, बांधाचे, ओढ्याचे फोटो काढून पंचनामा करून ठेवा. नंतर कुणालाच काही आठवत नाही.

---

जुना फिटर

मांजराकाठ, तुझ्या बापाच्या वयाचा आहे, अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मूळचा औसा तालुक्यातला. नोकरी उरणला गॅस प्लांटवर; फिटर म्हणून लागलो, शिफ्ट सांभाळत निवृत्त झालो. आता गावी असतो आणि एका कारखान्याच्या सीबीजी प्लांटवाले बोलावतील तेव्हा जातो. पगार नाही, जेवण चांगलं देतात.

नारदबुवा निम्मं बरोबर बोलले. कमान-बेंच म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानं मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के असल्या कामाला लावावेच लागतात. ते तुमच्या गावाला नाही मिळाले तर दुसऱ्या गावाला मिळतील. त्यासाठी प्लांटचा सौदा कशाला?

माझं मत असं की तेल कंपनीकडं दानधर्म मागूच नये. तिला जे काम येतं ते मागावं. तिला येतात दोन कामं. पेटणारा, विषारी, दिसत नाही असा वायू पकडायचा, मोजायचा, दाबून भरायचा आणि दूरवर पोचवायचा, हे एक. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षांचा खरेदी करार करून तो पाळायची ताकद तिच्याकडं असते. आपल्या मोंढ्यातला एक तरी आडत्या असा करार करील का? गावाच्या पदरात टिकाऊ काही पडायचं असेल तर ते या दोन कामांतूनच पडेल.

मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं. तेलाबरोबर गॅस येतो. तो किनाऱ्यावर आणून वापरायची पुरेशी सोय नव्हती तोवर बराचसा गॅस समुद्रात जाळला जायचा. रात्री क्षितिजावर ज्वाळा. पुढं लाइन टाकल्या, उरण-हजिऱ्याचे प्लांट उभे राहिले, तसा तोच गॅस घरच्या टाकीत, युरियात, विजेत जायला लागला. कुणाला एकाएकी निसर्गाचा उमाळा आला नव्हता. पाइप आला, गिऱ्हाईक आलं, जाळणं कमी झालं. तुमच्या कारखान्याच्या मागं प्रेसमडचा जो डोंगर पडलेला असतो, तोही आज मिथेन हवेत सोडतच असतो, फक्त ज्वाळा दिसत नाही. त्याला गिऱ्हाईक मिळवून देणं हेच तेल कंपनीचं काम.

आता गिऱ्हाइकीचं. ऑक्टोबर २०१८ ला केंद्रानं 'सतत' नावाची योजना आणली. तेल कंपन्यांनी सीबीजी किलोला ४६ रुपये दरानं घ्यायचा, आणि २०२३-२४ पर्यंत देशात ५००० प्लांट उभे करायचे. ते झालं नाही, जवळपासही गेलं नाही. इरादापत्रं, म्हणजे गॅस घेऊ म्हणणारी नुसती पत्रं, ढिगानं वाटली गेली. गॅस घेणारा ठरलेला, पण कच्चा माल बारा महिने कुठून येणार आणि मागं राहणारं खत कोण उचलणार, या दोन टोकांना कुणी हात लावला नाही. बँकांनी हेच विचारलं, आणि गाडी अडली.

आता मात्र फरक पडलाय. २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना सीएनजीत आणि घरगुती पाइप गॅसमध्ये १ टक्का बायोगॅस मिसळणं बंधनकारक झालंय. २०२६-२७ ला ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे त्यांना आता हा गॅस पाहिजेच आहे. ग्रामसभेत हे डोक्यात ठेवून बोला. तुम्ही हात पसरून बसलेले नाही आहात.

माझ्या लेखी तुमच्यासाठी खरा माल खत आहे. गॅस जाईल पुण्या-संभाजीनगरच्या रिक्षांत. पण डायजेस्टरमधून, म्हणजे माल कुजवायच्या बंद टाकीतून, जी स्लरी बाहेर पडते ती स्क्रू प्रेसमध्ये दाबली की घट्ट खत वेगळं होतं आणि पातळ वेगळं. आपल्या रानातनं जनावरं गेली, ट्रॅक्टर आले, शेणखताची ट्रॉली आता विकत घ्यावी लागते. या घट्ट खताच्या विक्रीसाठी केंद्रानं २०२३ मध्ये टनामागं १५०० रुपयांची मदत मंजूर केली. त्या मदतीमुळं खत कमी दरात गावाला परत देता येतं. पातळाचं मात्र दुखणं आहे. ते म्हणजे बहुतेक पाणीच, टँकरचं भाडं परवडत नाही, आठ-दहा किलोमीटरच्या पुढं कोणी नेत नाही. मग पावसाळ्यात रात्रीचा व्हॉल्व्ह उघडतात आणि ओढा काळा होतो. हे मी पाहिलंय. म्हणून प्लांटभोवतीच्या रानात पातळ खत घालायची पाइपलाइन आणि साठवण तळं हे प्लांटच्या नकाशात पाहिजे, नंतर बघू असं नाही. आणि खत दिल्याचं, ते तपासल्याचं रजिस्टर दाखवल्याशिवाय गॅसचं बिल निघणार नाही, एवढी अट तेल कंपनी आपल्या खरेदी करारात घालू शकते. गिऱ्हाईक अट घालतं तेव्हा दुकानदार पाळतो, तहसीलदाराच्या नोटिशीला तो तारखा मागतो.

दुसरी मागणी सुरक्षेची. ही तर फुकटात मिळते आणि कुणी मागत नाही.

आमच्याकडं प्रेसमड कालवायच्या टाकीत पंपाची जाळी चोंदली. गावातलाच पोरगा, लई कामसू. चपला काढून, पॅन्ट दुमडून शिडीवर पाय टाकतच होता. मी बोंबललो. मीटर दोरीला बांधून आत सोडला, टाकीच्या निम्म्यात पोचायच्या आत तो कोकलायला लागला. हायड्रोजन सल्फाइड. याला आधी सडक्या अंड्याचा वास येतो, तोवर माणूस सावध असतो. १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं. पोरगा मला सांगत होता, "काका, मगाशी वास होता, आता नाही, म्हणून उतरलालो." असाच माणूस खाली पडतो, मग त्याला काढायला त्याचा भाऊ उतरतो. सेफ्टी टाकीत, जुन्या विहिरीत एकाच घरातली दोन-दोन माणसं कशी जातात ते पेपरात वाचतोच आपण.

उरणला टाकीत डोकं घालायचं तरी परमिट लागायचं. आत ऑक्सिजन किती, गॅस किती, मोजून कागदावर लिहिलेलं. ब्लोअर चालू. बाहेर एक माणूस दोरी धरून उभा, त्याला दुसरं काम सांगायचं नाही. ही शिस्त तेल कंपन्यांच्या हाडात मुरलेली आहे, माणसं गमावून शिकलेत ते. पण गावाकडच्या प्लांटवर ती पोचत नाही, कारण कागदावर प्लांट दुसऱ्याचा, कंपनी नुसता गॅस घेते. तर साहेबांना सांगा, बेंच राहू द्या. तुमचा सेफ्टीचा माणूस दर तिमाहीला आमच्या प्लांटवर येऊन पोरांना शिकवून जाईल, चार गॅसचे मीटर देईल आणि परमिटची वही तपासेल. बेंचापेक्षा स्वस्त पडेल त्यांना.

तिसरं गळतीचं. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के असतो, गाडीत भरायला किमान ९० टक्के लागतो. मधला कार्बन डायऑक्साइड काढून टाकताना थोडा मिथेनही निसटतो. शिवाय गॅस साठवायच्या फुग्याचे सांधे, व्हॉल्व्ह, उघडी स्लरीची तळी. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटीच्या घरात. गळका प्लांट चालवून पर्यावरणाचं बक्षीस घ्यायचं म्हणजे कठीणच. तेलवाल्यांकडं गळती पडद्यावर दाखवणारे इन्फ्रारेड कॅमेरे असतात, माणसं असतात. वर्षातून दोनदा फिरवा म्हणावं, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

नेपियरचं नंतर लिहितो. लाइट गेली, मोबाइल शेवटच्या काडीवर आहे.

---

मांजराकाठ

काका, मोसंबीवाली ताई, मनापासून आभार. खताची अट आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती.

पार्टी म्हणायलीय, नेपियर लावा, हमीभावानं उचलतो, रोखीचं पीक आहे. तरुण पोरं तयार आहेत, बोअर आहे त्यांच्याकडं. भुस्कटाचं वाटतं की तसंही निम्मे लोक पेटवूनच देतात. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्याही घ्या म्हटलं तर पार्टी नको म्हणते, ते का? आणि सगळ्यात मोठी धास्ती, दुष्काळ पडला तर?

---

कोयता ते कॉलेज

काका, दादा, नमस्कार. मी वडवणी तालुक्यातली. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, मी बीडला शिकते. मोठ्यांच्या बोलण्यात एक राहून जायलंय म्हणून लिहिते.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आमच्या घरी पहिल्या फेरीतच शेगडी आली. तेल कंपन्यांनी गरिबांसाठी काय केलं असं विचारलं की साहेब लोक पहिलं नाव हेच घेतात, आणि ते खोटं नाही. आजीचा खोकला शेगडी आल्यावर खरंच कमी झाला. पण दिवाळी झाली की टोळी निघते. शेगडी आणि टाकी घरात राहते आणि आई निघते. तिकडं कोपीपुढं तीन दगड, उसाचं पाचट आणि ओलं-सुकं जळण. पहाटे तीनला उठून भाकरी, डोळ्यात धूर, तान्हं पोर पाठीमागं झोपलेलं. वर्षातले पाच-सहा महिने हे असंच. कनेक्शनच्या आकड्यात आमचं घर धुरातून सुटलंय.

२०२१ मध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला, त्यात स्थलांतरित मजुरांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालतं. पाच किलोची छोटी टाकीही मिळते, ती डोक्यावर नेता येते. अनुदान २०२३ मध्ये मोठ्या टाकीला ३०० रुपये झालं. सगळं आहे, फक्त टोळ्या उतरतात त्या अड्ड्यावर ते पोचत नाही. एजन्सी तालुक्याच्या गावात, टोळी फडात. आणि हातात रोख पैसा नसतो, उचल आधीच घेतलेली, मुकादमाच्या वहीतून कापून जाते.

ज्या कारखान्याच्या प्रेसमडवर तुमचा प्लांट चालणार आहे त्याचा ऊस आमच्यासारख्यांनीच तोडलेला असतो. तेल कंपनी त्या कारखान्याच्या दारात येणारच आहे. मग हंगामात आठवड्यातून एकदा छोट्या टाक्यांची गाडी अड्ड्यावर फिरवा आणि अनुदानाचे पैसे टाकी घेतानाच वजा करा, एवढं ठरावात घालता येईल का? सतरा ध्येयांमध्ये बायांचं आणि आरोग्याचं असे दोन चौकोन आहेत, साहेबांनी दाखवले असतीलच.

---

नांदेडचा नारद

ताईंचं पटलं. माझी आजीही धुरानंच गेली. फिटरसाहेब, तुमच्या लेखाला सलाम, पण एवढं सगळं लिहून दिल्यावर पार्टी पळून गेली तर?

---

जुना फिटर

पळू द्या. ओढा काळा होण्यापरीस बरं.

पोरी, तुझं सगळ्यात आधी घेतो. हे व्हायला पाहिजे आणि होऊ शकतं, कारण कारखान्याकडं टोळ्यांची यादी असते, कोणता अड्डा कुठं ते त्यांना ठाऊक असतं, आणि गाडी एजन्सीची असते. दोघांनी एकत्र बसायचं एवढंच. मांजराकाठ, हे ठरावात घालच, आणि वरच्या अंगाला घाल.

आता नेपियर. प्लांटच्या पातळ खतावर आणि सांडपाण्यावर जेवढं येईल तेवढं लाव. बोअरवर एक कांडीही लावू नका. गवत कापलं की फुटतं, फुटायला ओल लागते, आणि आपल्या बोअरला मार्चनंतर हवा येते. मांजरा धरण कोरडं पडलेलं तू पाहिलंयस. ऊस काय कमी होता पाणी प्यायला, आता त्याच्या जोडीला गवत? पाच वर्षांच्या करारात पहिली दोन वर्षं पावसाची गेली तर पोरं खूश होतील, तिसऱ्या वर्षी करार तुमच्या गळ्यात आणि पाणी पाताळात.

भुस्कट. पेटवून देतात तेवढंच द्यायचं. जनावरं खातात ते द्यायचं नाही. कडबा तर नावालाही नको. टंचाई जाहीर झाली की त्या दिवसापासून वैरणीचा माल देणं बंद, दंड नाही, हे कलम पाहिजेच. छावणीत जनावरं बांधायची आणि भुस्कट प्लांटला घालायचं, हे पाप कुणी करू नये.

पऱ्हाट्या-तुराट्या म्हणजे लाकूड. डायजेस्टरमधल्या जिवाणूंना लाकडातलं लिग्निन पचत नाही, महिनाभर ठेवलं तरी काडी तशीच बाहेर येते, वर पंप चोंदतो. पार्टी नको म्हणते ते खरंच आहे. त्याचे ब्रिकेट, म्हणजे दाबलेले ठोकळे, करून बॉयलरला घाला, तो वेगळा धंदा.

प्रेसमडचं गणित सांगतो. १०० टन ऊस गाळला की साधारण ३-४ टन प्रेसमड निघतं, आणि २५ टनांच्या आसपास प्रेसमडमागं १ टन गॅस धर. पण कारखाना चार-साडेचार महिने चालतो, प्लांटला बारा महिने खायला पाहिजे. प्रेसमड उघड्यावर ठेवलं की ते आपणच कुजतं, पावसाळ्यापर्यंत त्यातला गॅस उडालेला असतो. झाकून ठेवायला शेड लागते, तिचा खर्च पार्टीच्या अंदाजपत्रकात आहे का ते बघ. आणि तुझी धास्ती खरी आहे. २०१५ च्या दुष्काळानंतर राज्याचं साखर उत्पादन एका वर्षात ८४ लाख टनांवरून ४२ लाख टनांवर आलं, आपल्याकडचे कित्येक कारखाने पेटलेच नाहीत. तसं वर्ष आलं की प्लांट बंद. तेव्हा जमिनीचं भाडं चालू राहणार का, कामावरच्या पोरांचं काय, आणि बंद प्लांटमधली टाकी कोण रिकामी करणार, हे आजच लिहून घ्यायचं. भरलेली टाकी सोडून मालक पसार झाला तर ती तुमच्या माथी. मोडतोड आणि सफाईचे पैसे सुरुवातीलाच बँकेत ठेव म्हणून ठेवायला लावा. तेलाच्या विहिरी बंद करताना हीच पद्धत असते, साहेबांना नवीन नाही.

नारदबुवा, वाहनांच्या धुराचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. त्याचं उत्तर आमच्या प्लांटमध्ये नाही. तेल कंपन्यांनी पुढच्या वीस वर्षांत तेल कमी विकायला शिकणं हे त्याचं उत्तर, आणि ते ग्रामसभेच्या हातात नाही. आपल्या हातात ओढा आहे, रान आहे, टाकीत उतरणारा पोरगा आहे.

आणि मांजराकाठ, हे सगळं करायच्या आधी एक काम कर. तेल कंपनी गॅस घेणार म्हणून पार्टीकडं जो कागद आहे तो इरादापत्र आहे की पक्का खरेदी करार, ते विचार. इरादापत्राला मुदत असते आणि नुसत्या त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. प्रत माग, तारीख बघ. मुदत उलटून गेली असेल तर पार्टी तुमच्या जमिनीच्या कागदावर ती वाढवून घ्यायला आलीय, मग बोलणी वेगळी.

---

मांजराकाठ

काका, आत्ताच पार्टीला फोन केला. प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाले, अजून टाकली नाही. उद्या ग्रामसेवकाच्या सहीनं लेखी मागतो. ताई, छोट्या टाकीच्या गाडीचा मुद्दा ठरावात एक नंबरला घेतलाय. सरपंचांना कमान पाहिजेच आहे, ती शेवटी ठेवलीय.